हॅलोविनच्या अंगणासाठी प्रकाशयोजना: कोणते दिवे घ्यावेत आणि कोठे ठेवावेत

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा सण: त्या संध्याकाळी वेषांतर केलेली मुले घरोघरी खाऊ मागत फिरतात. त्याची सजावट करताना बहुतेक घरांत आधी सांगाडे, थडगी, कोळ्यांची जाळी आणि हवेने फुगणारी भुते विकत घेतली जातात आणि मग उरलेल्या पैशांत जे मिळतील ते दिवे आणले जातात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. प्लास्टिकचा सांगाडा दिवसा प्लास्टिकचाच दिसतो आणि चुकीच्या उजेडात रात्रीही तसाच दिसतो. परंतु पुठ्ठ्यातून कापलेले साधे थडगे योग्य बाजूने आलेल्या एका दिव्यामुळे दगडाचे वाटू शकते. गेली काही वर्षे न्यू जर्सीतल्या आमच्या घरापुढच्या छोट्या अंगणात ही सजावट करताना जे शिकायला मिळाले, ते येथे क्रमाने मांडत आहे. हवामान, वीज आणि बाजारातील वस्तू यांविषयीचा तपशील अमेरिकेतला आहे, कारण हा सण येथील गल्लीबोळांत साजरा होतो.

आपल्याकडच्या वाचकांना एक सवय सुरुवातीलाच बाजूला ठेवावी लागते. दिवाळीत कोठेही अंधार उरू नये म्हणून आपण दिवे लावतो, तर हॅलोविनमध्ये अंधार हाच सजावटीचा मुख्य भाग असतो आणि दिव्यांचे काम त्या अंधाराला आकार देण्याचे असते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन अमेरिकेत बहुतेकांकडे ३१ ऑक्टोबरलाच आले. आमच्या पोर्चमध्ये त्या संध्याकाळी आकाशकंदील आणि पांढऱ्या माळा होत्या, अंगणात थडगी होती, आणि पोर्चमधून सांडणाऱ्या त्या उजेडाने अंगणातली सगळी सावली पुसून टाकली. मुलांनी थडग्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. दिवे सगळे चांगले होते. त्यांची जागा आणि प्रमाण चुकले होते.

पहिली पायरी: रिकामे अंगण रात्री पाहणे

खरेदीला जाण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात, एका संध्याकाळी अंधार पडल्यावर घरासमोरच्या पदपथावर जाऊन उभे राहावे, कारण मुले आणि त्यांचे पालक घराकडे तेथूनच पाहणार असतात. रस्त्यावरचा दिवा कोणत्या झाडाच्या मागे येतो, शेजाऱ्याच्या गॅरेजचा उजेड कोठपर्यंत पोहोचतो, आपल्या खिडक्यांतून किती प्रकाश बाहेर पडतो आणि अंगणाचा कोणता कोपरा खरोखर काळोखात असतो, याचे एक साधे रेखाचित्र कागदावर काढावे. फोनने छायाचित्र काढून त्यावर विसंबू नये, कारण फोनचा कॅमेरा अंधार आपोआप उजळ करून दाखवतो आणि प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते त्यापेक्षा वेगळेच चित्र मिळते.

या पाहणीत बाहेरच्या आउटलेटच्या, म्हणजे प्लग लावण्याच्या सॉकेटच्या, जागाही चित्रावर नोंदवाव्यात. बहुतेक घरांना पुढच्या बाजूला एक किंवा दोनच बाह्य आउटलेट असतात आणि सजावट कोठे उभी करायची याचा निर्णय बऱ्याचदा तेच ठरवतात. हालचाल जाणवताच पेटणारा सुरक्षा दिवा गॅरेजवर असेल तर तोही लक्षात ठेवावा. पहिला पाहुणा ड्राइव्हवेवर येताच असा दिवा आठवडाभराची मेहनत एका क्षणात पांढरी करून टाकतो, म्हणून त्या संध्याकाळपुरता तो स्विचवरून बंद ठेवणे इष्ट.

त्यानंतर अंगणातला एकच मुख्य देखावा निवडावा. सर्व वस्तूंवर सारखाच प्रकाश टाकला तर डोळा कोठेच थांबत नाही. मुख्य देखाव्याला सर्वांत जास्त उजेड, त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना त्याहून पुष्कळ कमी आणि उरलेल्या भागाला अजिबात नाही, अशी विभागणी मनाशी पक्की झाली की दिव्यांची संख्या आपोआप निम्म्यावर येते.

पोर्चचा दिवा आणि पायवाट

नवीन आलेल्या कुटुंबांना बहुधा कोणी न सांगितलेला एक संकेत येथे आहे. हॅलोविनच्या रात्री पोर्चचा दिवा चालू असेल तर त्या घरी खाऊ मिळतो, आणि बंद असेल तर त्या घराची घंटा वाजवायची नाही, असे मुलांना शिकवलेले असते. वातावरण भीतिदायक व्हावे म्हणून पोर्चचा दिवा पूर्ण बंद केला तर सजावट कितीही उत्तम असली तरी अनेक मुले शिष्टाचार म्हणून पुढे निघून जातील. यावरचा सोपा मार्ग म्हणजे नेहमीचा पांढरा बल्ब काढून त्या जागी नारिंगी किंवा पिवळसर रंगाचा कमी क्षमतेचा एलईडी बल्ब बसवणे. घर जागे असल्याचे कळते आणि अंगणावर पांढरा उजेडही पडत नाही.

पायवाट आणि पायऱ्या यांच्या बाबतीत मात्र मी कोणतीही तडजोड करत नाही. मुखवट्यामुळे मुलांना बाजूचे आणि पायाखालचे नीट दिसत नाही, पोशाख लांब असतात, आणि मागून येणाऱ्या आजी-आजोबांना अनोळखी पायऱ्या चढायच्या असतात. म्हणून पायवाटेच्या कडेने जमिनीलगत, वरून झाकलेले, खाली उजेड टाकणारे, उबदार पांढऱ्या प्रकाशाचे छोटे दिवे सहा ते आठ फुटांवर एक याप्रमाणे लावावेत. असे ५० ते १०० ल्युमेनचे (ल्युमेन हे उजेडाचे माप) दिवे पुरतात. त्यांचा उजेड स्थिर असावा. लुकलुकणारा, रंग बदलणारा किंवा अचानक पेटणारा दिवा पायऱ्यांवर कधीही ठेवू नये. प्रत्येक पायरीची कड स्पष्ट दिसते की नाही हे वरून खाली उतरतानाही तपासावे, कारण चढण्यापेक्षा उतरताना तोल जास्त जातो.

प्रकाशाची दिशा

सगळ्या प्रकाशयोजनेत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत स्वस्त निर्णय हाच आहे. आपण चेहरे नेहमी वरून आलेल्या उजेडात पाहतो, मग तो सूर्याचा असो की छतावरच्या दिव्याचा. त्यामुळे कपाळ आणि गाल उजळ असतात आणि डोळ्यांखाली व हनुवटीखाली सावली असते. प्रकाश खालून आला की ही मांडणी उलटते आणि ओळखीचा चेहराही परका वाटू लागतो. सांगाडा, बुजगावणे किंवा चेटकीण अशा चेहरा असलेल्या आकृतीसाठी दिवा जमिनीवर, आकृतीच्या पायांपासून थोडा पुढे आणि एका बाजूला ठेवावा. तो अगदी समोर मध्यभागी ठेवला तर दोन्ही बाजूंच्या सावल्या सारख्या होतात आणि आकृती सपाट दिसते.

थडगी, झाडाचे खोड, विटांची भिंत आणि गवताच्या पेंढ्या यांचे सौंदर्य त्यांच्या खडबडीतपणात असते. त्यांच्यासाठी प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा बाजूने टाकावा, म्हणजे प्रत्येक उंचवट्यामागे छोटी सावली पडते. हाच दिवा समोरून लावून पाहिला तर फोमचे थडगे लगेच फोमचे दिसू लागते. स्वस्तातल्या वस्तूंचा स्वस्तपणा झाकायचा असेल तर मागून प्रकाश देणे हा तिसरा उपाय आहे: वस्तूच्या मागे, तिनेच झाकला जाईल असा दिवा ठेवून तो मागच्या भिंतीवर किंवा झुडपावर रोखायचा, म्हणजे पुढची वस्तू काळी छायाकृती म्हणून उठून दिसते. काळ्या रंगात रंगवलेले पुठ्ठ्याचे कावळे, वाकडे कुंपण आणि मांजरे यासाठी याहून चांगली पद्धत नाही. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांना पांढरे किंवा फिकट व्हायनल साइडिंग (भिंतीवरचे प्लास्टिकच्या पट्ट्यांचे आवरण) असते आणि ती भिंत कोणताही रंग सहज धरते, म्हणजे छायाकृतीसाठी लागणारा पडदा घराला आधीच जोडलेला असतो.

होम डेपो या घरसामानाच्या दुकानसाखळीने २०२० मध्ये बाजारात आणलेला १२ फुटी सांगाडा आता अनेक वस्त्यांत दिसतो आणि त्याला उजळण्यात एक विशेष चूक वारंवार होते. दिवा त्याच्या पायाशी अगदी खेटून ठेवला जातो, त्यामुळे नडग्या झगमगतात आणि कवटी अंधारात राहते. दिवा आणि वस्तू यांच्यातले अंतर दुप्पट झाले की मिळणारा उजेड चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे एक फुटावरच्या नडगीला आणि ११ फुटांवरच्या कवटीला मिळणाऱ्या उजेडात प्रचंड फरक पडतो. दिवा सहा ते आठ फूट पुढे आणून, किंचित बाजूला ठेवून, बरगड्यांच्या वरच्या भागावर रोखला तर पाय आणि डोके यांच्यातली अंतरे एकमेकांच्या जवळ येतात आणि उजेड सारखा पसरतो. दुसरा, वेगळ्या रंगाचा मंद दिवा मागून खांद्यांवर टाकला तर आकृती पार्श्वभूमीपासून सुटी होते.

झोताचा कोन आणि उजेडाचे प्रमाण

दुकानात दिव्याच्या खोक्यावर वॅट ठळक छापलेले असतात, पण आपल्याला आधी पाहायचा असतो तो झोताचा कोन. दहा फुटांवर १५ अंशांचा झोत सुमारे अडीच फूट रुंदीचे वर्तुळ उजळतो, ३० अंशांचा सव्वापाच फुटांचे, ६० अंशांचा साडेअकरा फुटांचे आणि १२० अंशांचा जवळजवळ ३५ फुटांचे. सर्वसामान्य फ्लडलाइट बहुधा १२० अंशांच्या आसपास असतात, म्हणजे त्यांतला एक दिवा लहान अंगण एकट्याने भरून टाकू शकतो. संपूर्ण भिंतीला रंग द्यायचा असेल तर फ्लडलाइट घ्यावा. एकाच थडग्यावर, एकाच चेहऱ्यावर किंवा झाडाच्या एका फांदीवर लक्ष वेधायचे असेल तर १५ ते ३० अंशांचा स्पॉटलाइट घ्यावा. छोट्या अंगणासाठी मला विचाराल तर एक फ्लडलाइट आणि तीन स्पॉटलाइट हे प्रमाण चार फ्लडलाइटपेक्षा नेहमीच सरस ठरते.

उजेडाचे प्रमाण ल्युमेनमध्ये मोजतात. तुलनेसाठी सांगायचे तर साध्या मेणबत्तीचा उजेड १२ ल्युमेनच्या आसपास असतो. अंधाऱ्या अंगणात एका आकृतीला १०० ते ३०० ल्युमेन पुरेसे होतात. हजार-दोन हजार ल्युमेनचे दिवे सहज मिळतात, परंतु त्यातला एक जरी लावला तरी शेजारचे सगळे मंद दिवे निष्प्रभ होतात. शंका असेल तेव्हा कमी क्षमतेचा दिवा घ्यावा आणि गरज पडली तर तो वस्तूच्या जवळ सरकवावा.

दिवा स्वतः दिसता कामा नये. पदपथावरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उघड्या एलईडीचा ठिपका गेला की त्याची बुबुळे आकुंचन पावतात आणि मागचा सगळा मंद देखावा त्याला दिसेनासा होतो. दिवा थडग्याच्या मागे, गवताच्या आड किंवा कुंडीच्या कडेला लपवावा, आणि जेथे आडोसा नसेल तेथे बाजूंना काळ्या कार्डबोर्डची झडप लावावी. हे फक्त थंड राहणाऱ्या एलईडीसाठीच करावे. जुने हॅलोजन दिवे इतके तापतात की सुकलेली पाने, कापूस किंवा पुठ्ठा त्यांच्याजवळ ठेवणे धोक्याचे असते. ऑक्टोबरअखेर अंगणात पानांचा सडा असतो, तेव्हा हॅलोजन घरी असला तरी तो वापरू नये.

रंग

एका अंगणाला दोन रंग, फार तर तीन. एक रंग पार्श्वभूमीचा आणि दुसरा मुख्य देखाव्याचा असतो, आणि ते एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असावे लागतात. निळा आणि नारिंगी, जांभळा आणि हिरवा, या जोड्या हमखास साधतात. सगळे रंग फिरत राहणारी योजना मला अजिबात आवडत नाही, कारण रंग बदलत राहिले की सावलीही विरघळत राहते आणि अंगणाला जत्रेची कळा येते.

चांदण्याचा भास हवा असेल तर फिकट निळा प्रकाश उंचावरून, झाडाच्या फांद्यांमधून खाली सोडावा. खऱ्या चांदण्याचा रंग फारसा निळा नसतो. पण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना तांबडा रंग लवकर दिसेनासा होतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ वाटतो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किने यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलेल्या या परिणामामुळे रात्र आपल्याला निळसर भासते. या गोष्टीचा व्यवहारातला अर्थ असा, की निळा आणि हिरवा दिवा कमी क्षमतेचाही चालतो, तर तांबडा दिवा त्याच अंतरावर बराच मंद वाटतो आणि त्यात बारकावे हरवतात. तांबडा रंग म्हणून जवळच्या, लहान जागेसाठी राखावा: शवपेटीच्या आतून, खिडकीच्या पडद्यामागून किंवा जिन्याखालून.

कोणता रंग कशावर पडतो हेही पाहावे लागते. नारिंगी भोपळ्यावर निळा प्रकाश टाकला तर भोपळा मळकट काळा दिसतो, कारण नारिंगी पृष्ठभागाकडून परतण्यासारखे त्या प्रकाशात फारसे काही नसते. भोपळ्यांसाठी २००० ते २७०० केल्विनचा उबदार पिवळसर प्रकाश घ्यावा (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा लहान तितका प्रकाश पिवळसर). लाल विटांच्या भिंतीचीही हीच गोष्ट आहे. पिवळसर प्रकाशात ती धगधगते आणि निळ्यात बुडून जाते, जे कधी कधी आपल्याला हवेही असते. सदाहरित झुडपांवर हिरवा प्रकाश टाकला तर ती आतून पेटल्यासारखी दिसतात. थंड पांढरा, म्हणजे ५००० केल्विनच्या वरचा प्रकाश, मात्र टाळावा. त्याने अंगण पार्किंगच्या जागेसारखे दिसते.

रिमोटवर रंग बदलणारे दिवे घेताना दोन गोष्टी दुकानातच तपासाव्यात. वीज जाऊन परत आल्यावर दिवा शेवटचा निवडलेला रंग लक्षात ठेवतो का, हे पहिले. ती सोय नसलेला दिवा टायमरवर लावला तर रोज संध्याकाळी तो एक तर बंदच राहतो किंवा भलत्याच रंगात पेटतो. दुसरे असे, की एकाच कंपनीचे सगळे दिवे बहुधा एकाच रिमोटला प्रतिसाद देतात, त्यामुळे एकाचा रंग बदलताना शेजारच्याचाही बदलतो. अशा वेळी दुसऱ्या दिव्यावर हात धरून तो झाकावा किंवा दिवे एकेक करून चालू करत रंग ठरवावेत.

विशेष दिवे

अतिनील किरणांचा दिवा, ज्याला येथे ब्लॅकलाइट म्हणतात, तो पूर्ण काळोखातच काम देतो. बाजारात ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे स्वस्त असतात, पण ते स्वतःच जांभळा उजेड पाडतात. ३६५ नॅनोमीटरचे महाग असतात आणि त्यांच्यात वस्तूच स्वतःहून चमकल्यासारखी वाटते. पांढऱ्या सुती चादरींची भुते यासाठी उत्तम, कारण कपडे धुण्याच्या पावडरीतील उजळपणा आणणारी द्रव्ये कापडात उरतात आणि अतिनील किरणांत निळसर चमकतात. क्विनाइन असल्यामुळे टॉनिक वॉटरच्या बाटल्याही चमकतात, आणि त्यांची रांग चेटकिणीच्या टेबलावर फार छान दिसते. हा दिवा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा सरळ त्यांच्याकडे रोखून ठेवू नये.

कोरलेल्या भोपळ्यात खरी मेणबत्ती लावण्याचा मोह मला कळतो. तिच्या ज्योतीसारखी हालचाल दुसऱ्या कशात नसते. तरीही मक्याची सुकी ताटे, गवताच्या पेंढ्या आणि मुलांचे पातळ, घोळदार पोशाख यांच्या सान्निध्यात ती नकोच. बॅटरीवरचे लुकलुकणारे एलईडी दिवे घ्यावेत आणि मोठ्या भोपळ्यात एकाऐवजी दोन ठेवावेत, म्हणजे दोघांचे लुकलुकणे एकमेकांत मिसळून जास्त खरे वाटते. भोपळ्याची मागची बाजू आतून नीट खरवडून पातळ केली तर तीही मंद उजळते. बटणासारख्या सपाट बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. ती बॅटरी लहान मुलाने गिळली तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते आणि अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने अशा वस्तूंना मुलांना न उघडता येणारे झाकण सक्तीचे केले आहे. घरात पडून असलेले जुने दिवे या नियमाच्या आधीचे असू शकतात.

विजेसारखा चमकणारा स्ट्रोब लाइट मी अंगणात वापरत नाही. प्रकाशाच्या उघडझापीमुळे काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि आपल्या दारात येणाऱ्या शेकडो अनोळखी मुलांपैकी कोणाला तो त्रास आहे हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. वीज चमकल्याचा भास हवाच असेल तर सेकंदाला तीनपेक्षा कमी वेळा, अनियमित आणि लांब अंतराने चमकणारा दिवा घरामागून आकाशाच्या बाजूला ठेवावा.

लेझर प्रोजेक्टर घराच्या भिंतीवरच रोखावा आणि त्याचा एकही ठिपका छपराच्या वर जात नाही याची पदपथावरून खात्री करावी. विमानावर लेझर रोखणे हा अमेरिकेत २०१२ पासून संघीय गुन्हा आहे, आणि नेवार्क विमानतळाच्या परिसरात विमाने किती खालून जातात हे येथील रहिवाशांना सांगायला नको. सौरदिव्यांविषयी एवढेच, की ऑक्टोबरअखेर न्यू जर्सीत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३५ अंश वर असतो आणि त्यातही घराची किंवा झाडांची सावली आली तर बॅटरी पुरेशी भरत नाही. मुख्य देखावा त्यांच्या भरवशावर ठेवू नये.

धुराचे यंत्र वापरणार असाल तर प्रकाश धुराच्या मागून किंवा बाजूने, अरुंद झोताचा द्यावा. समोरून टाकलेला रुंद झोत धुराची पांढरी भिंत उभी करतो आणि मागचे सगळे झाकतो.

वीज: हिशेब आणि सुरक्षितता

अमेरिकेत घरातला विद्युतपुरवठा १२० व्होल्टचा असतो, म्हणून भारतातून आणलेल्या २३० व्होल्टच्या माळा येथे मिणमिणतात किंवा लागतच नाहीत, आणि येथील माळ पुण्या-मुंबईला नेऊन थेट लावली तर ती जळते. यूएसबीवर चालणाऱ्या ५ व्होल्टच्या माळा दोन्हीकडे चालतात. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर अंगणात, दवात ठेवून भारतातल्या माळा चालवण्याचा प्रयत्न करू नये. खोक्यावर यूएल किंवा ईटीएल यांपैकी एक चाचणीचिन्ह असावे. यूएलच्या सणासुदीच्या माळांवरील लेबल लाल असेल तर ती आत-बाहेर दोन्हीकडे चालते आणि हिरवे असेल तर फक्त घरात. जेथे आयपी क्रमांक (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) दिला असेल तेथे पोर्चच्या छताखाली आयपी ४४ आणि उघड्यावर आयपी ६५ घ्यावा.

भाराचा हिशेब सोपा आहे. साधे सर्किट १५ अँपिअरचे असते, म्हणजे १८०० वॅट. परंतु तीन तास किंवा अधिक वेळ सतत चालणारा भार त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे १४४० वॅटपर्यंत ठेवावा. चार एलईडी दिवे मिळून ४० वॅट, शंभर एलईडींच्या चार माळा मिळून २०-२५ वॅट, ब्लॅकलाइट ३० वॅट, असे मिळून १०० वॅटही होत नाहीत. जुन्या तंतूच्या सी-९ बल्बांची २५ दिव्यांची एकच माळ मात्र १७५ वॅट घेते. खरा भार असतो धुराच्या यंत्राचा, कारण ते पाणी आणि ग्लायकॉलचे मिश्रण तापवते आणि छोटे यंत्रही ४०० वॅटच्या आसपास ओढते. बाहेरचे आउटलेट पुष्कळ घरांत गॅरेजच्या सर्किटवर असते, म्हणून गॅरेजमधला जादा फ्रीज त्याच सर्किटवर आहे का तेही पाहावे.

बाहेरच्या आउटलेटला जीएफसीआय संरक्षण असणे आवश्यक आहे. गळती ४ ते ६ मिलीअँपिअरवर जाताच ते वीज तोडते, आणि म्हणूनच पावसानंतर सजावट अचानक अंधारात जाते. एका वर्षी आमच्याकडे संध्याकाळी सहा वाजता, दारात मुले उभी असताना, हेच घडले. दोन कॉर्डची जोडणी ओल्या गवतात पडली होती. त्या क्षणी बटण पुन्हा पुन्हा दाबून वीज सुरू ठेवण्याचा प्रयत्न करू नये. सर्व प्लग काढावेत, ओली जोडणी शोधून कोरडी करावी, आणि एकेक प्लग परत लावत दोष कोणत्या शाखेत आहे ते ओळखावे. त्या वर्षापासून प्रत्येक जोडणी मी जमिनीपासून वर, झाकणाच्या डबीत ठेवतो, आणि आउटलेटकडे जाणारी तार आधी खाली झोल घेऊन मग वर जाईल अशी बसवतो, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते आणि प्लगपर्यंत पोहोचत नाही.

एक्स्टेन्शन कॉर्डवर छापलेल्या अक्षरांत डब्ल्यू असेल तर ती बाहेरच्या वापरासाठी आहे. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड: हलक्या एलईडी भारासाठी ५० फुटांपर्यंत १६ गेज पुरते, पण धुराचे यंत्र असेल किंवा अंतर १०० फुटांचे असेल तर १४ किंवा १२ गेज घ्यावी. कॉर्ड पायवाट ओलांडून नेऊ नये, अगदी टेप लावूनही नाही. लांबचा वळसा पडला तरी ती कडेने न्यावी. माळा ठोकायला स्टेपलर वापरू नये, कारण पिन आवरणात शिरते. प्लास्टिकच्या क्लिपा स्वस्त मिळतात आणि काढतानाही सोप्या जातात.

वेळ आणि तालीम

३१ ऑक्टोबरला न्यू जर्सीत सूर्यास्त सहाच्या थोडा आधी होतो आणि साडेसहापर्यंत अंधार पडतो. लहान मुले त्याआधीच येऊ लागतात, म्हणून टायमर साडेपाचला लावावा आणि रात्री दहाला बंद करावा. शेजाऱ्यांच्या शयनगृहात आपला जांभळा प्रकाश रात्रभर जाऊ देणे योग्य नाही. २००७ पासून घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, त्यामुळे सजावट आठवडाभर जास्त ठेवणाऱ्यांनी साध्या टायमरची वेळ त्या दिवशी बदलायला हवी.

सणाच्या किमान तीन दिवस आधी पूर्ण अंधारात एकदा सगळे चालवून पाहावे. आधी सगळे दिवे बंद करून फक्त पायवाट लावावी, मग मुख्य देखावा, मग पार्श्वभूमी, आणि प्रत्येक टप्प्यावर पदपथावर जाऊन पाहावे. शेवटी एकेक दिवा विझवून पाहावा. जो विझल्यावर काहीच कमी झाल्यासारखे वाटत नाही, तो काढून टाकावा. घरातल्या एखाद्या सहा-सात वर्षांच्या मुलाला पायवाटेने दारापर्यंत चालत येऊ द्यावे, कारण आपल्या डोळ्यांत न जाणारा झोत त्याच्या उंचीवर थेट डोळ्यांत जात असू शकतो. तीन तास अखंड चालवून प्लग आणि जोडण्यांना हात लावून पाहावा. कोठेही गरम लागले तर त्या शाखेचा भार कमी करावा.

१ नोव्हेंबरला दिवे उतरवताना ते ओले असतील तर गॅरेजमध्ये दोन दिवस पसरून वाळवावेत आणि मगच डब्यात भरावेत. बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, नाहीतर त्या गळून पुढच्या वर्षी संपर्कपट्ट्या हिरव्या झालेल्या सापडतात. माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून प्रत्येकीवर तिची लांबी आणि जागा लिहावी. दिवाळी त्यानंतर येणार असेल तर पायवाटेचे उबदार दिवे जागेवरच राहू द्यावेत, फ्लडलाइट जांभळ्यावरून उबदार पांढऱ्यावर आणावेत आणि पोर्चमधला नारिंगी बल्ब काढून तेथे आकाशकंदील लावावा.